पालथ्या घड्याळाचा लिलाव

५ मार्च २०२० रोजी मुंबईत सॅफ्रनआर्ट या संस्थेनं एक लिलाव पुकारला. त्यातल्या मालाचा धनी तेव्हा लंडनच्या वॉन्ड्सवर्थ तुरुंगात होता. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेतून खोटी हमीपत्रं मिळवून हजारो कोटी उचलल्याचा आरोप असलेला हा हिरे व्यापारी म्हणजे नीरव मोदी. जानेवारी २०१८ मध्ये त्यानं देश सोडला. मार्च २०१९ मध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या विशेष न्यायालयानं त्याला फरार आर्थिक गुन्हेगार ठरवलं. त्यानंतर ईडीनं त्याची जप्त केलेली चीजवस्तू विकायला काढली.

सरकारी लिलाव म्हटला की नांदेड-लातूरकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तहसील कचेरीच्या आवारात गंजत पडलेले वाळूचे टिप्पर येतात. इथला माल निराळा होता. अमृता शेरगिल यांचं १९३५ सालचं 'बॉईज विथ लेमन्स' १५ कोटी ६८ लाखांना गेलं. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांच्या महाभारत मालिकेतल्या एका चित्राला १३ कोटी ४४ लाख आले, वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला ९ कोटी ५२ लाख. रोल्स रॉईस घोस्ट मोटार १ कोटी ६८ लाखांत निघाली. दिवसाची बेरीज ५१ कोटींच्या वर गेली.

त्याच यादीत मनगटी घड्याळंही होती. त्यातल्या दोहोंचा बातम्यांमधून विशेष बोलबाला झाला: जेगर-लकूल्त्र कंपनीचं 'रिव्हर्सो जायरोटूरबियाँ २' आणि पाटेक फिलिप कंपनीचं सोन्याचं, हिरेजडित 'नॉटिलस'. दोन्हींचा अंदाज ७० लाखांच्या घरात सांगितला गेला होता. दोन्ही घड्याळं खेळाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीची. त्यातल्या पहिल्या जातीचा उगम तर हिंदुस्थानातल्याच पोलोच्या मैदानावरचा. म्हणजे ज्या मुलखातल्या घोडेस्वारांसाठी ते घडवलं गेलं, त्याच मुलखात बँकेची बुडीत रक्कम वसूल करायला ते बोलीवर चढलं.

घोडा, काठी आणि फुटकी काच

गोष्ट १९३०-३१ च्या हिवाळ्यातली. सेझार द त्रे हा स्वित्झर्लंडचा व्यापारी हिंदुस्थानात आला होता. दातांच्या सामानाच्या धंद्यात त्यानं आधी पैसा केला आणि मग तो घड्याळांकडे वळला. इथे इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचा पोलो त्यानं पाहिला. जेगर-लकूल्त्र कंपनीच सांगते की काच फुटलेलं घड्याळ दाखवून एका अधिकाऱ्यानं त्याच्याकडे गाऱ्हाणं केलं: असं घड्याळ करून द्या, जे एका डावात तरी शाबूत राहील.

गाऱ्हाण्यात तथ्य होतं. पोलोचा चेंडू तेव्हा लाकडाचा किंवा बांबूच्या मुळाचा असे. लांब दांड्याच्या काठ्या वेगानं फिरत, घोडे एकमेकांना घासून जात आणि घड्याळावरची काच साधी असे. मणिपुरातला हा खेळ चहामळेवाल्या गोऱ्यांनी १८५९ मध्ये सिल्चरला क्लब काढून आपलासा केला. तिथून तो छावणीछावणीत पोचला होता.

मराठवाड्याला तर घोडदळाचं अप्रूप नव्हतंच. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटची ठाणी औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे होती. पुढे याच घोडदळातून 'डेक्कन हॉर्स' ही पलटण उभी राहिली. आज भारतीय सैन्यात ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडपाशी याच पलटणीच्या स्वारांनी भाले सरसावून घोडे घातले होते. त्याच पहिल्या महायुद्धानं घड्याळ खिशातून मनगटावर आणलं. खंदकात एका हातात बंदूक असताना खिशातली साखळी ओढत बसायला सवड कुणाला होती? त्याआधी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. युद्धानंतर ते पुरुषी झालं.

द त्रेनं ते गाऱ्हाणं आपला स्नेही जाक-दाविद लकूल्त्र याच्यापर्यंत पोचवलं. लकूल्त्र स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यातला घड्याळजी कारखानदार, तर पॅरिसची जेगर ही त्याची भागीदार पेढी. डबी कशी करायची हे कोडं पॅरिसचा अभियंता रने-आल्फ्रेद शोव्हो यानं सोडवलं आणि ४ मार्च १९३१ रोजी पेटंटचा अर्ज दाखल केला. त्याची युक्ती अशी: चौकोनी डबी अंगठ्यानं बाजूला सरकवायची, तिची मोकळी झालेली कड उचलायची, अख्खी डबी पालथी घालायची आणि पुन्हा खोबणीत ढकलायची. खट्ट आवाज आला की काच मनगटाच्या बाजूला गेलेली असते आणि बाहेर दिसते ती सपाट पोलादी पाठ. काठी लागली तर पाठीला लागेल. डाव संपला की डबी पुन्हा सुलटी करायची.

गंमत म्हणजे खेळासाठी केलेली ही पाठच पुढे मिरवायच्या कामी आली. कुणी तिच्यावर आद्याक्षरं कोरून घेतली, कुणी घराण्याचं चिन्ह, कुणी मीनाकारीत चित्र. एका भारतीय स्त्रीचं रंगीत चित्र पाठीवर असलेलं १९३६ चं रिव्हर्सो कंपनीच्या संग्रहात आजही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोल घड्याळांची चलती आली आणि रिव्हर्सो मागे पडलं. कारखान्यानं ते काढायचंच बंद केलं. १९७२ मध्ये जॉर्जो कॉर्व्हो या इटालियन विक्रेत्याला कारखान्यात सुमारे दोनशे रिकाम्या डब्या पडलेल्या दिसल्या. त्यानं त्या उचलल्या, यंत्रं बसवून घेतली आणि इटलीत विकायला ठेवल्या. पाहता पाहता सगळ्या संपल्या आणि बंद पडलेला माल पुन्हा सुरू झाला.

मुंबईत बोलीवर आलेलं 'जायरोटूरबियाँ २' त्याच कुळातलं, पण कारागिरीच्या पार टोकाचं. यंत्रावर चालणाऱ्या घड्याळाचं चक्र उभं असताना एका चालीनं चालतं आणि आडवं असताना दुसऱ्या. पृथ्वीच्या ओढीमुळे हा फरक पडतो. आब्राहम-लुई ब्रेगे यानं १८०१ मध्ये त्यावर तोड काढली: चक्रच एका पिंजऱ्यात बसवायचं आणि तो पिंजरा सतत फिरता ठेवायचा, म्हणजे चुका एकमेकींना खाऊन टाकतात. त्याचं नाव टूरबियाँ. जायरोटूरबियाँमध्ये पिंजऱ्याच्या आत दुसरा पिंजरा असतो. बाहेरचा मिनिटाला एक फेरी घेतो, आतला १८.७५ सेकंदांत एक. २००८ मध्ये आलेलं हे घड्याळ प्लॅटिनमचं, आणि जगभरात मिळून फक्त ७५ नग. ते हातात घालून घोड्यावर बसायची छाती कुणाची होणार नाही.

पोलाद सोन्याहून महाग

'नॉटिलस'ची कथा याच्या नेमकी उलटी. १९७२ मध्ये ओडमार पिगे या कंपनीनं 'रॉयल ओक' बाजारात आणलं. साध्या पोलादाचं घड्याळ, पण किंमत भल्याभल्या सोन्याच्या घड्याळांहून जास्त. आठ कोनांची कड आणि त्यावर उघडे दिसणारे स्क्रू पाहून धंद्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. ते रेखाटणारा जेराल्ड जेन्टा यानंच चार वर्षांनी, १९७६ मध्ये, पाटेकसाठी जहाजाच्या खिडकीसारखं 'नॉटिलस' काढलं. तेव्हा जपानी क्वार्ट्झ घड्याळांनी स्विस धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ जर जास्त अचूक वेळ दाखवत असेल, तर महाग घड्याळ घ्यायचं कशासाठी? या दोन घड्याळांनी त्याला जे उत्तर दिलं त्यावर पुढची पन्नास वर्षं हा धंदा उभा राहिला: महाग घड्याळ घ्यायचं ते वेळेसाठी नाहीच. पोहायला, नौकेवर, टेनिसला घालता येईल असं दणकट पोलादी घड्याळ, पण खिसा मात्र सोन्याहून जास्त हलका करणारं.

'नॉटिलस ५७११' पुढे इतकं गाजलं की दुकानात पैसे मोजून ते मिळेना, नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. २०२१ मध्ये कंपनीनं ते बंद केलं. जाता जाता न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीच्या फिकट निळ्या रंगाच्या तबकडीचे १७० नग काढले. दुकानातली किंमत ५२,६३५ डॉलर. त्यातला पहिला नग ११ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात ६५ लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या भावानं ४९ कोटी रुपयांच्या आसपास गेला. रक्कम निसर्गसंवर्धनाच्या कामाला दिली गेली. यंत्र तेच, पोलाद तेच. फरक तबकडीच्या रंगाचा आणि तिच्यावरच्या एका नावाचा.

हातोडा आणि आडत

लिलाव म्हणजे काय हे लातूरला कुणी शिकवायची गरज नाही. गंजगोलाईच्या या शहरात सोयाबीन आणि तुरीचा भाव रोज सकाळी बोलीवरच निघतो. पोटलीत बांधून आणलेला नमुना खरेदीदार तळहातावर घेतो, दाणा दाताखाली धरून ओलावा पाहतो, माती किती, डागी किती याचा अंदाज घेतो आणि मग बोली लावतो. जिनिव्हा, न्यूयॉर्क किंवा मुंबईच्या लिलावघरातला अनुभवी गिऱ्हाईकही हेच करतो. भिंग डोळ्याला लावून तो डबीच्या कडा झिजल्या का पाहतो, तबकडी मूळची की रंगवलेली हे तपासतो, यंत्रावरचा आकडा आणि डबीवरचा आकडा जुळतो का ते बघतो.

धंद्याची बाकीची घडीही ओळखीची आहे. हातोडा पडतो ती झाली बोलीची किंमत. तिच्यावर लिलावघर खरेदीदाराकडून आणखी काही टक्के घेतं. लहान रकमेवर ते सहसा वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतात आणि रक्कम चढत जाईल तसे कमी होतात. मराठवाड्याच्या भाषेत ही आडतच. आडत शेतकऱ्यानं द्यायची की खरेदीदारानं, यावरून महाराष्ट्रात २०१४ ते २०१६ या काळात बाजार बंद पडण्यापर्यंत वाद पेटला होता. घड्याळांच्या लिलावात विकणारा आणि घेणारा दोघेही देतात. बडा माल असला तर विकणाऱ्याला सूट मिळते.

मोठा फरक एकच, आणि तो शेतकऱ्याला झोंबेल असा आहे. घड्याळ विकायला देणारा लिलावघराशी आधीच एक गुप्त आकडा ठरवतो, ती राखीव किंमत. बोली तिथवर चढली नाही तर घड्याळ विकलं जात नाही. मालक ते गुंडाळून घरी नेतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा आणतो. कधी कधी तर तिसरीच कुणी असामी लिलावाआधीच हमी देते की अमुक रकमेला आपण नक्की घेऊ. सोयाबीनलाही सरकारनं २०२४-२५ साठी ४,८९२ रुपये क्विंटलचा हमीभाव जाहीर केला होता; पण त्या हंगामात बाजारातला भाव त्याच्या खालीच घोटाळत राहिला. आणि दारात उभ्या टेम्पोचं भाडं चढत असताना माल परत नेणं शेतकऱ्याला परवडत नाही. थांबण्याची ऐपत ज्याच्याकडे असते, राखीव किंमतही त्याच्याकडेच असते.

माळेगावचा भोवरा

घड्याळाच्या भावाचा दुसरा अर्धा भाग समजून घ्यायचा तर लातूरहून नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला जावं. मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. लालकंधारी आणि देवणी ही इथल्या मातीतली गुरं तर येतातच, शिवाय घोड्यांचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ओढून आणतो. नांदेडात घोड्याचं मोल काय, हे सांगायला नको. तख्त सचखंड हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यातले घोडे दसऱ्याच्या आणि होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीत आजही दौडतात.

माळेगावात घोडा पाहणारा आधी दात बघतो, मग खूर, मग चाल. इथवर हिशोब कामाचा. नंतर तो भोवरे शोधू लागतो. केसांची गोल वळणं अंगावर कुठे आहेत, त्यावरून घोडा लाभी की अपशकुनी ते ठरतं. गळ्यावर देवमण असेल तर भाव चढतो. चारी पाय आणि तोंड पांढरं असेल तर तो पंचकल्याणी, मग तर विचारूच नका. देवमण असल्यानं घोडा एक पाऊलही जास्त धावत नाही, तरी हजारोंचा फरक पडतो. आणि जनावरांच्या बाजारातली जुनी रीत म्हणजे भाव तोंडानं बोलायचाच नाही. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक.

घड्याळाचा भोवरा म्हणजे त्याचा पूर्वेतिहास: कुणी घेतलं, कुणाच्या हाताला होतं, कुणाकडून कुणाकडे गेलं. याचा सर्वांत मोठा दाखला न्यूयॉर्कला २६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिसला. रोलेक्सचं 'डेटोना', क्रमांक ६२३९, मोटार शर्यतींसाठी केलेलं पोलादी घड्याळ. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते तीनशे डॉलरच्या आत मिळे आणि त्यातले खास वेगळ्या तबकडीचे नग तर दुकानात पडून राहत. अभिनेत्री जोआन वुडवर्ड हिनं आपला नवरा पॉल न्यूमन याला त्यातलं एक घेऊन दिलं. 'विनिंग' या शर्यतीवरच्या सिनेमापासून न्यूमनला मोटारी पळवायचा नाद लागला होता. म्हणून तिनं पाठीवर कोरून घेतलं की गाडी सांभाळून चालव, आणि खाली सही म्हणून नुसतं 'मी'.

१९८४ मध्ये मुलीचा तेव्हाचा मित्र न्यूमनच्या घरच्या झाडावरचं खोपटं दुरुस्त करत होता. न्यूमननं त्याला वेळ विचारली. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. न्यूमननं आपलं काढून दिलं: याला चावी दिलीस तर वेळ बरी दाखवतं. तेहतीस वर्षांनी फिलिप्सच्या लिलावात पहिलीच बोली फोनवरून एक कोटी डॉलरची आली. बाराएक मिनिटांत हातोडा १ कोटी ५५ लाखांवर पडला; लिलावघराची आडत धरून १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर, म्हणजे ११५ कोटी रुपयांच्या आसपास. तोवर कुठल्याही मनगटी घड्याळाला इतकी किंमत आली नव्हती. त्याच क्रमांकाचं, तशीच तबकडी असलेलं दुसरं घड्याळ तेव्हाही काही लाख डॉलरमध्ये मिळत होतं. वरचे शंभरेक कोटी त्या तीन कोरीव शब्दांचे आणि त्या हाताचे.

नीरव मोदीच्या घड्याळांना मालकाच्या नावाचा असा काही लाभ नव्हता. तिथे नाव भाव चढवणारं नव्हतं, उलट कागद तेवढा स्वच्छ हवा होता. न्यायालयाच्या परवानगीनं सरकारच विकतंय, उद्या कुणी दावा घेऊन येणार नाही, याची खात्री हीच तिथली जमेची बाजू. शेरगिलच्या चित्रामागे शेरगिल उभी होती; घड्याळामागे फक्त घड्याळ.

रंगवलेली तबकडी

या सगळ्याचा मराठवाड्यातल्या घरांशी थेट संबंध येतो तो एका जागी. ज्या पिढीत जावयाला सायकल, अंगठी आणि घड्याळ देण्याची चाल होती, त्या पिढीची घड्याळं अजून कपाटांत पडून आहेत. मुंबईत एकोणिसाव्या शतकातच पाय रोवलेल्या वेस्ट एंडचं 'सोवार प्रायमा' असतं. फाव्र-लुबाचं 'सी किंग' किंवा 'सी चीफ' असतं. ही तीच कंपनी, जिनं १९६२ मध्ये गिर्यारोहकांसाठी उंची दाखवणारं 'बिव्हुअॅक' काढलं आणि पुढे काही वर्षं टाटांच्या टायटनकडे होती. आणि हमखास असतं ते एचएमटी: जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या कारखान्याचं 'जनता', 'कोहिनूर', 'पायलट'. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं एचएमटी वॉचेस बंद करायला मान्यता दिली आणि तेव्हापासून जुन्या नगांचे शौकीन वाढले.

यातलं कुठलंही घड्याळ लातूरचं घर बांधून देणार नाही. पण भाव ठरवणारा नियम जिनिव्हातला तोच आहे: मूळचं जितकं राहिलं तितकी किंमत. काटे बदलले, डबीला चकाकी आणण्यासाठी घासून कडा गोल केल्या, पिवळसर झालेली तबकडी खरवडून तिच्यावर नवा भडक रंग दिला की शौकीन हात आखडता घेतो. मुंबईत अशी रंगवलेली घड्याळं इतकी निघाली आणि जगभर विकली गेली की परदेशी संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' हे हिणवण्याचं नाव पडलं. काळा मूळ 'पायलट' आणि काल रंगवलेला 'पायलट' शेजारी ठेवले तर अक्षरांची जाडी, मिनिटांच्या रेषांची टोकं, मागच्या झाकणावरचा क्रमांक यांतून भेद कळतो, पण तो पाहायला भिंग आणि सवड लागते.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचं घड्याळ हाती लागलं तर दोन-तीन गोष्टी कराव्यात. ते कधी, कुठे, कुणी घेतलं हे घरातल्या थोरल्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवावं. पावती, डबा, आजोबांच्या मनगटावर ते दिसत असेल असा लग्नातला फोटो, जे सापडेल ते त्याच्यासोबत ठेवावं. वर्षानुवर्षं बंद असेल तर चावी देत बसू नये. वाळलेल्या तेलावर चाकं फिरली की झिजतात. आधी तेलपाणी करून घ्यावं. आणि कारागीर उत्साहानं म्हणाला की तबकडीही नव्यासारखी करून देतो, तर त्याला चहा पाजावा आणि घड्याळ तेवढं तसंच परत मागून घ्यावं.